दाद मागणाऱ्यांचं वय

मराठीत न्याय ‘मिळतो’, पण त्याआधी दाद ‘मागावी’ लागते. दाद हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. तिथे त्याचा अर्थच न्याय. ‘फिर्याद’ही तिकडचीच, आणि मुळात ती म्हणजे आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक. आपल्या कचेऱ्यांनी तिला अर्जाच्या नमुन्यात बसवलं आणि आक्रोश गळून पडला. तमिळमध्ये याच कामाला ‘नियायम केट्पदु’ म्हणतात, न्याय मागणं किंवा विचारणं. ‘केट्पदु’ या क्रियापदात मागणं, विचारणं आणि ऐकणं असे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. अर्जाला तमिळमध्ये ‘मनु’ म्हणतात. अनुवादाचं काम करताना अशा शब्दांपाशी मला नेहमीच थांबावं लागतं. कुंभकोणमच्या शाळेतल्या आगीविषयी वाचताना मात्र मी शब्दांपेक्षा काळापाशी जास्त थांबले. हाक मारली तेव्हा मागणाऱ्याचं वय किती होतं आणि उत्तर आलं तेव्हा किती झालं, एवढा एकच प्रश्न घेऊन ही हकीकत सांगता येते. म्हणून इथे ती तशीच सांगते आहे.

इमारत

सरस्वती महालातल्या मोडी कागदांच्या निमित्ताने माझं तंजावरला जाणं-येणं असतं. कुंभकोणम तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर. मराठी वाचकाला हे गाव देवळांसाठी, बारा वर्षांनी भरणाऱ्या महामहमच्या मेळ्यासाठी, पितळी भांड्यांसाठी, डिग्री कॉफीसाठी आणि श्रीनिवास रामानुजन यांच्या शाळेसाठी माहीत असतं. शिक्षणाचं गाव असा त्याचा लौकिक जुना आहे.

या गावातल्या काशीरामन रस्त्यावर एका इमारतीत तीन शाळा भरत. श्रीकृष्ण ही अनुदानित प्राथमिक शाळा, त्याच व्यवस्थापनाची सरस्वती नर्सरी व प्राथमिक शाळा, आणि मुलींचं हायस्कूल. १६ जुलै २००४, शुक्रवार. सकाळी अकराच्या आसपास माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरात आग लागली. जवळ झावळ्यांचं छप्पर होतं. कोकणात ज्यांना झाप म्हणतात, तसल्या विणलेल्या, उन्हाने कडक झालेल्या झावळ्यांचं. ते पेटलं आणि पहिल्या मजल्यावरच्या वर्गांवर कोसळलं. खाली उतरायला जिना अरुंद होता आणि वाट एकच होती. ९४ मुलं गेली, १८ जखमी झाली. बहुतेक सगळी प्राथमिक वर्गांतली.

तमिळ वर्तमानपत्रांनी या घटनेला ‘तीविबत्तु’ म्हटलं: ती म्हणजे आग, विबत्तु म्हणजे अपघात. आपली ‘विपत्ती’ तिथे ‘अपघात’ होऊन बसली आहे. मराठी बातमीत ‘दुर्घटना’ आली. दोन्ही शब्द सोयीचे आहेत, कारण दोन्हींत कर्ता नाही. पण त्या सकाळच्या घटनेचे तुकडे वेगळे करून पाहिले तर प्रत्येक तुकड्याला कर्ता सापडतो. वर्गावर झावळ्यांचं छप्पर कुणीतरी घातलं. चूल त्याच्या आसपास कुणीतरी ठेवली. एका इमारतीत तीन शाळा भरवायला कुणीतरी मान्यता दिली. तपासणीला कुणीतरी येत होतं आणि सही करून जात होतं. यांतलं एकही काम त्या दिवशीचं नव्हतं. सगळी वर्षानुवर्षं चाललेली, शिक्के बसलेली कामं होती.

संस्थेने केलेला छळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उगारलेला हात येतो, बंद खोली येते. तसा छळ असतोच. पण ज्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही अशा माणसाला आपल्या ताब्यात घ्यायचं आणि मग धोक्यात ठेवून द्यायचं, हाही त्याच जातीचा गुन्हा आहे. सहा वर्षांचं मूल शाळेच्या वेळेत शाळेच्या ताब्यात असतं. बस म्हटलं की बसतं, थांब म्हटलं की थांबतं. त्याच्या या आज्ञाधारकपणावरच तर शाळा चालते.

झावळ्यांची साखळी

कावेरीच्या काठच्या लोकांना ही आग नवी नव्हती. जून १९९७ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात कुंभाभिषेकाच्या सोहळ्यात यज्ञाचा मांडव पेटला आणि चाळीसहून अधिक माणसं गेली. याच मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. मराठी मंडळी ते पाहायला मुद्दाम जातात. त्या प्रचंड शिलालेखासमोर उभं राहिल्यावर १९९७ ची आठवण कुणी काढत नाही.

६ ऑगस्ट २००१ ला रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका खासगी मनोरुग्ण निवासात पहाटे आग लागली. तिथेही छप्पर झावळ्यांचंच. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती. २५ जण जागीच गेले आणि मृतांचा आकडा पुढे २८ झाला. सर्वोच्च न्यायालयाने बातमी वाचून स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणाच्या शीर्षकातच ‘साखळ्यांनी बांधलेल्या २५ रहिवाशांचा मृत्यू’ असे शब्द आहेत. माझ्या पाहण्यात आलेल्या न्यायालयीन शीर्षकांत इतकं उघडं शीर्षक दुसरं नाही. २३ जानेवारी २००४ ला श्रीरंगमला एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवरचा मांडव पेटला. नवरदेवासह पन्नासहून अधिक माणसं गेली.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत कुंभकोणम. चार आगी, सात वर्षं, एकच राज्य, एकाच प्रकारचं छप्पर. पहिल्या तीन वेळा चौकश्या झाल्या, हळहळ झाली, मदतनिधी जाहीर झाले. देऊळ धर्मादाय खात्याचं, मनोरुग्ण निवास आरोग्य खात्याचा विषय, मंगल कार्यालय नगरपालिकेचा आणि शाळा शिक्षण खात्याची. एका खात्याने शिकलेला धडा दुसऱ्या खात्याच्या फाइलीत जात नाही. शाळांवरची झावळ्यांची छपरं उतरवायचा हुकूम तमिळनाडूत निघाला, तो ९४ मुलं गेल्यावर.

यात आणखी एक कडवटपणा आहे, तो इतिहास माहीत असलेल्याला जास्त बोचतो. पोरांना शिकवायचं आणि तिथेच जेवूही घालायचं ही या मुलखाची जुनी चाल आहे. सरफोजींनी ओरत्तनाडला उभारलेल्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंबरोबर विद्यार्थ्यांचीही जेवणाची सोय होती, शिकवायला माणसं होती, आजाऱ्यांना औषध होतं. विसाव्या शतकात कामराजांनी शाळेत दुपारचं जेवण सुरू केलं आणि १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी त्याचा मोठा विस्तार केला. देशभर पुढे गेलेली योजना ती हीच. गरिबाघरचं मूल शाळेत टिकलं ते त्या भातामुळे. काशीरामन रस्त्यावरची चूल या चांगल्या परंपरेतली होती. योजनेत चूल कुठे ठेवायची हे पाहणारं कुणी नव्हतं, इतकंच. आणि हे ‘इतकंच’ ९४ घरांवर पडलं.

तेरा वर्षं

आता तारखा. राज्य सरकारने न्यायमूर्ती के. संपत यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगाने शाळेच्या व्यवस्थापनाने नियम पायदळी तुडवल्याचं नोंदवलं. पोलिसांनी २४ जणांवर आरोपपत्र ठेवलं. त्यानंतर अर्ज सुरू झाले: वगळण्याचे, रद्द करण्याचे, लांबवण्याचे. प्रत्येक अर्ज कायद्याने दिलेला हक्क असतो आणि प्रत्येक अर्जाला काही महिने लागतात. प्रत्यक्ष साक्षी सुरू व्हायला २०१२ उजाडलं.

३० जुलै २०१४ ला तंजावरच्या जिल्हा व सत्र न्यायालयाने निकाल दिला. तोवर आरोपी २१ उरले होते. दहा जण दोषी ठरले, अकरा सुटले. संस्थापकाला जन्मठेप झाली. त्याची पत्नी, मुख्याध्यापिका, भोजन योजनेची संयोजक, स्वयंपाकीण आणि शिक्षण खात्याचे चार कर्मचारी अशा आठ जणांना पाच-पाच वर्षं. इमारत योग्य असल्याचा दाखला देणाऱ्या अभियंत्याला दोन वर्षं. या यादीकडे नीट पाहावं. स्वयंपाकीण आणि शिक्षण खात्यातले कर्मचारी एकाच मापाच्या शिक्षेत बसले, आणि जिल्ह्याच्या पातळीवर ज्यांच्या नावाने मान्यता निघतात ती मोठी खुर्ची यादीत दिसत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने अपिलांचा निकाल दिला. संस्थापकाची जन्मठेप गेली. भोगली तेवढी शिक्षा पुरे ठरली. बाकीच्यांपैकी बहुतेकांची निर्दोष मुक्तता झाली.

उच्च न्यायालयाचं पुराव्याविषयीचं म्हणणं चूक होतं, असं मी म्हणणार नाही. तो माझा अधिकार नाही. फौजदारी न्यायालयाचा प्रश्न अरुंद असतो: या माणसाने, हे कृत्य, या हेतूने किंवा इतक्या बेपर्वाईने केलं हे संशयापलीकडे सिद्ध झालं का? तो अरुंद असलाच पाहिजे, नाहीतर निरपराध माणसं तुरुंगात जातील. माझी हरकत वेगळी आहे. आपण या एका अरुंद दारातून सगळं नेऊ पाहतो. काय घडलं ते कळणं, कोण जबाबदार ते ठरणं, भरपाई, उपचार, माफी, पुन्हा न होण्याची हमी, सगळं. दार तेरा वर्षं अडलं की सगळंच तेरा वर्षं अडतं.

मदुराईचा रस्ता

पालक कुंभकोणमहून तंजावरला जात, अपिलाच्या काळात मदुराईला. तमिळ साहित्य वाचलेल्या माणसाला हा रस्ता ओळखीचा वाटतो. ‘शिलप्पदिकारम’मधली कण्णगी चोळांच्या मुलखातूनच, कावेरीच्या मुखाशी असलेल्या पुहारहून मदुराईला गेली होती. तिच्या निरपराध नवऱ्याला चोर ठरवून मारलं, तेव्हा ती पांड्य राजाच्या दरबारात उभी राहिली आणि पैंजण फोडून तिने चूक दाखवून दिली. राजाला चूक कळली त्याच क्षणी तो सिंहासनावरून कोसळून मेला. मग तिने शहराला आग लावली. पण त्या आगीलाही ज्यांना वगळायला सांगितलं, त्यांत मुलं आहेत.

राजाला आपल्या गावाची ओळख देताना कण्णगी एका चोळ राजाचा दाखला देते. त्याने आपल्या राजवाड्याच्या दाराशी घंटा बांधली होती. राजपुत्राच्या रथाखाली वासरू चिरडलं तेव्हा गाईने येऊन ती घंटा वाजवली आणि राजाने आपल्याच मुलाला रथाखाली घातलं. मनुनीदि चोळन या नावाने तो घराघरांत माहीत आहे. तिरुवारूरला त्याचा दगडी रथ दाखवतात, मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारात त्याचा पुतळा आहे. जिल्हाधिकारी लोकांचे अर्ज घ्यायला बसतात त्या दिवसाला तमिळनाडूत ‘मनु नीदि नाळ’ म्हणतात. ‘मनु’ म्हणजे अर्ज, त्यामुळे श्लेष आपोआप जुळतो. आपल्याकडे राघोबांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री आहेत, तसं त्यांच्याकडे हे.

या कथांत राजाचा कठोरपणा सगळे सांगतात. मला त्यांतला वेग महत्त्वाचा वाटतो. गाय घंटा वाजवते त्याच दिवशी राजा खाली उतरतो. कण्णगीला पुढची तारीख मिळत नाही. ज्या लोकांनी या कथा शेकडो वर्षं जपल्या त्यांना न्यायाचा अर्थ ठाऊक होता: तो मागणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या दुःखाच्या काळातच यावा लागतो. ‘पेरियपुराणम’मध्ये तर शेवटी शिव येऊन वासरू आणि राजपुत्र दोघांनाही जिवंत करतो. आपल्या कायद्याच्या हातात ते नाही. त्याच्या हातात फक्त वेळ आहे, आणि तीच तो सगळ्यात सढळपणे खर्चतो.

मुलाची किंमत

‘भरपाई’ हा शब्द मला नेहमी अवघड वाटत आला आहे, कारण त्यात काहीतरी भरून येतं असं गृहीत आहे. तमिळ शब्द ‘इऴप्पीडु’ जास्त प्रामाणिक आहे. इऴप्पु म्हणजे गमावणं; ईडु म्हणजे तोडीचं, बदल्यात ठेवलेलं. गमावलेल्याच्या बदल्यात ठेवलेलं काहीतरी. ते भरून येईल असा दावा त्यात नाही.

पण किती ठेवायचं? गेलेल्या मुलाची रक्कम ठरवताना आपलं कायद्याचं गणित अडखळतं, कारण ते कमाईवर उभं आहे. ३ मार्च १९८९ ला जमशेदपूरला टाटा स्टीलच्या संस्थापक दिनाच्या कार्यक्रमात मांडव पेटून साठ माणसं गेली. त्यांत बायका आणि मुलं बरीच. भरपाई ठरवण्याचं काम निवृत्त सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांच्याकडे होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात ‘लता वाधवा’ या नावाने २००१ मध्ये निकाली निघालं. न्यायालयाने मुलांच्या रकमा वाढवल्या: पाच ते दहा वयाच्या मुलासाठी एकूण दोन लाख, दहा ते पंधरा वयासाठी चार लाख दहा हजार. मोठ्या मुलांसाठी हिशेब असा, की मूल पुढे घराला वर्षाला २४ हजारांचा हातभार लावेल, त्याला पंधराने गुणा आणि वर ठरावीक पन्नास हजार. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ ला ५९ जण गुदमरून गेले. तिथेही उच्च न्यायालयाने वीस वर्षांवरच्यांना अठरा लाख आणि त्याखालच्यांना पंधरा लाख दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते अनुक्रमे दहा आणि साडेसात लाखांवर आणले.

म्हणजे वय जितकं कमी तितकी रक्कम कमी. कमाईच्या तर्काने ते बरोबर आहे, कारण सहा वर्षांच्या मुलाची कमाई कुणाला दिसते? पण आईला विचारलं तर ती उलटं सांगेल, आणि तिचं गणितही चुकीचं नाही. कुंभकोणमच्या पालकांनी सुरुवातीच्या सरकारी मदतीवर समाधान मानलं नाही, न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने त्यासाठी निवृत्त न्यायाधीशांची एकसदस्य समिती नेमली. त्या वाटेवरही वर्षंच गेली.

जे वाचले त्यांच्या बाबतीत वेळेचा प्रश्न आणखी थेट आहे. भाजलेल्या त्वचेचा व्रण मुलाबरोबर वाढत नाही. हाड वाढतं, शरीर वाढतं, व्रण आखडून राहतो. सांधा ओढला जातो, बोटं वाकतात, मान खेचली जाते. म्हणून भाजलेल्या मुलाला वाढीच्या वयात पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागते, व्यायाम लागतो, बेतून शिवलेले घट्ट कपडे लागतात. नवव्या वर्षी मिळालेला पैसा हात सरळ ठेवू शकतो. तोच पैसा, अगदी व्याजासकट, बाविसाव्या वर्षी मिळाला तर वाकलेल्या हातात ठेवला जातो. न्यायालय उशिराबद्दल व्याज देतं. हाडाला व्याज चालत नाही.

दुसरीकडे काय केलं

या गोष्टीचा विचार इतर देशांनीही केला आहे, बहुतेक वेळा फार उशिरा. आयर्लंडमध्ये धर्मसंस्थांच्या औद्योगिक शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांचा छळ झाला. ११ मे १९९९ ला पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी राज्याच्या वतीने माफी मागितली. २००२ च्या कायद्याने एक स्वतंत्र मंडळ उभं राहिलं आणि पंधरा हजारांहून अधिक लोकांना त्याने रकमा दिल्या. चौकशी आयोगाचा मोठा अहवाल आला तो मे २००९ मध्ये, म्हणजे निवारण त्या अहवालासाठी खोळंबलं नाही. पण त्या योजनेत एक काटा होता. अर्जदारांना गप्प ठेवणारं कलम. पैसे घ्यायचे तर आपली कहाणी जाहीर सांगण्यावर बंधन. अनेकांना ते दुसऱ्यांदा तोंड दाबल्यासारखं वाटलं.

ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१३ ते २०१७ या काळात संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी केली. पीडित व्यक्तीला आपल्यावरचा अत्याचार बोलून दाखवायला सरासरी जवळपास २४ वर्षं लागतात, असं आयोगाला आढळलं. म्हणजे ‘इतकी वर्षं गप्प का होता?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. जुलै २०१८ पासून तिथे राष्ट्रीय निवारण योजना सुरू झाली: कमाल दीड लाख डॉलर, समुपदेशन, आणि हवी असल्यास संबंधित संस्थेकडून थेट, समोरासमोर माफी. संशयापलीकडचा पुरावा मागितला जात नाही. घटना घडली असण्याची वाजवी शक्यता पुरते. पुढे वृद्ध आणि मरणासन्न अर्जदारांना दहा हजार डॉलर आगाऊ देण्याची सोय झाली. ही सोय मला फार बोलकी वाटते. फाइल चालू असताना माणूस मरू शकतो, हे तिथल्या नियमात लिहिलेलं आहे.

त्या योजनाही निर्दोष नाहीत. अर्ज रखडल्याच्या तक्रारी तिथेही आहेत. पण निवारण आणि शिक्षा ही दोन वेगळी दारं आहेत, हे त्यांनी मान्य केलं. आपण ते अजून केलेलं नाही.

कायदा काय शिकला

आपला कायदा अगदीच काही शिकला नाही असं नाही. कुंभकोणमच्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका दाखल झाली. ‘अविनाश मेहरोत्रा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १३ एप्रिल २००९ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अनुस्यूत आहे. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे इमारत हवी, आग विझवण्याची साधनं हवीत, शिक्षकांना ती वापरता यायला हवीत. हे छोटं काम नाही. आज मराठी मुलखातल्या कुठल्याही शाळेच्या भिंतीवर लाल नळकांडं टांगलेलं दिसतं, त्याच्या मागे काही अंशी ही ९४ मुलं आहेत. एरवाडीच्या मृतांच्या मागेही काही उभं राहिलं: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीने बांधण्यावर बंदी घातली. आगीनंतर सोळा वर्षांनी.

त्या २००९ च्या निकालात शाळेचं नाव ‘लॉर्ड कृष्णा मिडल स्कूल’ असं येतं. श्रीकृष्ण या नावाचं कुणीतरी इंग्रजीत भाषांतर केलं. विशेषनामाचं भाषांतर करू नये हा धंद्यातला पहिला धडा. आणि मृतांचा आकडा तिथे ९३ आहे. यात कुणाचा दुष्टावा नाही. पण देशातल्या सगळ्या शाळांचा कायदा ज्या शाळेमुळे बदलला, तिचं नाव आणि तिथल्या मुलांची संख्या त्या कायद्याच्या कागदात जशीच्या तशी नाही, ही गोष्ट पालकांच्या बाजूने पाहिली तर लहान नाही. ९३ आणि ९४ यांच्यातलं अंतर म्हणजे एक घर आहे.

आपल्या दाराशी

हे सगळं कावेरीच्या काठचं आहे, असं म्हणून महाराष्ट्राला बाजूला होता येणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आग लागली. १७ बाळांपैकी सात वाचली, दहा गेली. सरकारने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले, चौकशी समिती बसली. आश्रमशाळांतल्या आदिवासी मुलांच्या मृत्यूंवर आपल्याकडे डॉ. सुभाष साळुंखे यांची समिती नेमावी लागली, कारण ते मृत्यू सुटे सुटे, एकेका गावात होत होते आणि एकत्र मोजलेच जात नव्हते. आश्रमशाळेत साप चावून किंवा ताप अंगावर काढून गेलेलं मूल बातमीच्या दोन ओळींत मावतं. त्याच्या आईबापांकडे तंजावर-मदुराईच्या फेऱ्या मारायलाही पैसे नसतात.

मागणं फार मोठं नाही. मूल राज्याच्या किंवा राज्यमान्य संस्थेच्या ताब्यात असताना मेलं किंवा जायबंदी झालं, तर खटल्याची वाट न पाहता ठरावीक महिन्यांत रक्कम मिळावी, कारण ते मूल त्या वेळी कुणाच्या ताब्यात होतं हे सिद्ध करायला एकही साक्षीदार लागत नाही. हजेरीपट पुरतो. वाचलेल्यांच्या उपचाराचा खर्च रकमेत न बांधता, वाढ पूर्ण होईपर्यंत राज्याने चालू ठेवावा. चौकशीचा अहवाल पालकांना त्यांच्या भाषेत मिळावा. खटला आपल्या गतीने आणि आपल्या काटेकोरपणाने चालू द्यावा. त्यात कोण सुटेल आणि कोण अडकेल याच्यावर बाकी काहीच अवलंबून असू नये. आणि कुणीतरी, ज्याच्या खुर्चीला नाव आहे अशा कुणीतरी, माफी मागावी. आरोपी म्हणून नाही, संस्था म्हणून.

दरवर्षी १६ जुलैला कुंभकोणममध्ये पालक शाळेसमोर मुलांचे फोटो लावतात, फुलं वाहतात. संध्याकाळी मोक्षदीप घेऊन मिरवणुकीने महामहम तळ्याकडे जातात. फोटोंतली वयं बदलत नाहीत: सहा, सात, आठ, नऊ. ते धरून चालणाऱ्यांची बदलली आहेत. २००४ मध्ये पस्तिशीत असलेला बाप आता पंचावन्नच्या पुढे आहे. त्या इमारतीतून जी मुलं जिवंत बाहेर आली ती आज सव्वीस ते एकतीस-बत्तीसच्या घरात आहेत, म्हणजे आपल्या मुलांची नावं शाळेत घालायच्या वयाची. ती शाळेच्या फाटकातून आत शिरताना आधी छताकडे पाहतील, मग जिन्याकडे. प्रवेशअर्ज त्यानंतर मागतील.